फळझाडांची पहिली तीन वर्षं: छाटणी आणि वळण याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची बाग पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात. अंजीर आणि सीताफळ ही या भागाचीच पिकं. त्यात आम्ही पेरू आणि डाळिंब लावलं, बांधाच्या कडेला केशर आंबा लावला. नवी लागवड करणारे पाहुणे, शेजारी, भाचे-पुतणे येतात आणि लहान झाडांसमोर उभं राहून जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि त्यांना मी देत आलेली उत्तरं इथे लिहून ठेवत आहे.

झाड अजून कमरेएवढं आहे. आत्ताच कात्री कशाला लावायची? आधी वाढू तर द्या.

झाड लहान आहे म्हणूनच. आज अंगठ्यानं खुडून निघणारी फूट पाच वर्षांनी करवतीनं कापावी लागते, आणि ती जखम भरून यायला झाडाचा एक हंगाम जातो. पहिल्या तीन वर्षांत आपण फळासाठी छाटत नसतो. पुढे ज्याच्यावर फळ लटकणार आहे तो सांगाडा आपण उभा करत असतो. कुठली फांदी मुख्य राहील, दोन फांद्यांत किती अंतर असेल, मधोमध ऊन उतरेल की नाही, हे सगळं याच काळात ठरतं. याला जुने लोक वळण देणं म्हणतात, आणि छाटणीपेक्षा तोच शब्द मला बरोबर वाटतो.

तुमच्या शंकेत एक खरी गोष्ट मात्र आहे. छाटल्यानं झाड जोमानं वाढतं असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. कापलेल्या जागेजवळ फूट जोरात येते हे बरोबर. पण पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ती कमी केली की एकूण झाड, मुळांसकट, जरा लहानच राहतं आणि पहिलं फळ उशिरा येतं. म्हणून या वयात छाटणी हवी, पण मोजकी. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पाला काढू नका.

पहिला शेंडा किती उंचीवर मारायचा?

आंबा, पेरू, सीताफळ यांचा 60 ते 70 सेंटिमीटरवर. म्हणजे साधारण मांडीपर्यंत. रोप लावल्याबरोबर कात्री चालवू नका, ते मातीत रुजून त्याला एक नवी फूट येऊन ती पक्की, जून होऊ द्या.

शेंड्यातून खाली एक द्रव्य उतरत असतं, ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे फूट निघण्याच्या जागांना, दाबून ठेवतं. शेंडा गेला की तो दाब उठतो आणि खालचे डोळे फुटतात. सगळं वळण याच एका गोष्टीवर उभं आहे, त्यामुळे ही लक्षात ठेवली तर बाकीचं आपोआप समजत जातं.

फुटवे सात-आठ आले. किती ठेवू?

तीन किंवा चार. वरून पाहिलं तर चहूदिशांना गेलेले हवेत, आणि खोडावर एकाच जागी न फुटता एकमेकांपासून चार बोटं ते वीतभर अंतरावर असलेले हवेत. बाकीचे कोवळे असतानाच काढा.

फांदी खोडातून कशी निघते तेही बघा. इंग्रजी ‘व्ही’सारखी चिकटून, उभी गेलेली फांदी दिसायला जोरदार असते. पण तिच्या आणि खोडाच्या मधे साल आत दुमडून अडकते, लाकूड लाकडाला नीट सांधत नाही. पुढे फळाचं वजन आलं, वळवाचं वारं सुटलं, की ती नेमकी तिथेच फाटते आणि खोडाची साल सोलत खाली येते. पसरट कोनातून निघालेली फांदी बारीक असली तरी तीच ठेवा. सगळ्याच उभ्या असतील तर फूट कोवळी असताना काडीचा तुकडा मधे आडवा बसवून किंवा सुतळीनं खाली ओढून कोन मोठा करून घेता येतो. सुतळी फांदीवर सैल बांधा आणि महिन्या-दोन महिन्यांनी सोडा, नाहीतर ती सालीत रुतते.

या तीन-चार फांद्या दोन-अडीच फूट झाल्या की त्यांचेही शेंडे मारायचे. प्रत्येकीवर दोन-तीन फुटी ठेवायच्या. हे दोनदा-तीनदा झालं की झाड वाडग्याच्या आकाराचं होतं आणि फळ देणाऱ्या काड्यांची संख्या वाढते.

आंब्याचा शेंडा मारला तर एकाच ठिकाणी झाडूसारख्या सात-आठ फुटी आल्या. काय चुकलं?

कापायची जागा चुकली. आंबा टप्प्याटप्प्यानं वाढतो. प्रत्येक नवतीच्या, म्हणजे एका टप्प्यात आलेल्या नव्या फुटीच्या, टोकाला पानांचा झुबका असतो आणि त्या जागी डोळे अगदी दाटीनं असतात, हात फिरवला तर गाठीसारखं लागतं. त्या गाठीच्या वर कापलं की सगळे डोळे एकदम फुटतात आणि झाडू होतो. गाठीच्या खाली, जिथे पानं विरळ आहेत तिथे कापलं तर दोन-तीनच फुटी येतात, अंतर ठेवून येतात आणि मजबूत बसतात.

आता झालंच आहे तर सगळ्या फुटी वीतभर होऊ द्या, मग त्यातल्या बाहेरच्या बाजूच्या तीन ठेवा, बाकीच्या बुडातून काढा. अर्धवट कापून ठेवू नका.

कलमाच्या बुडाशी छान फूट आली आहे. ती ठेवली तर झाड दाट होईल का?

ती आधी कुठून आली आहे ते बघा. कलमाच्या जोडाच्या खालून आली असेल तर ती तुमच्या जातीची नाही, खुंटाची आहे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची. आंब्यात ती गावठी असते, मोसंबी-संत्र्यात जंभेरीची किंवा रंगपूर लिंबाची, चिकूत खिरणीची. खुंट मूळचाच जोमदार असतो, त्यामुळे तीच फूट सगळं अन्न खाते आणि वरचं कलम हळूहळू वाळतं.

आमच्या पहिल्या केशरच्या कलमांपैकी दोन अशीच गेली. पावसाळ्यात तणात बुडं दिसली नाहीत, दिवाळीला झाडं छान तरारलेली दिसली म्हणून आम्ही खूष झालो. पानं निरखून पाहिली तेव्हा कळलं की वाढलाय तो गावठी आंबा, आणि केशरची काडी आत वाळून कोळ झालेली. तेव्हापासून पहिली दोन वर्षं दर पंधरा दिवसांनी बुडाशी वाकून बघायचं, ही आमच्या घरात सवय आहे. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टीही याच वेळी तपासा. जोड पक्का झाल्यावर ती काढली नाही तर खोड तिथे आवळलं जातं.

कुठलं झाड नव्या फुटीवर फळ देतं आणि कुठलं जुन्या काडीवर? हे इतकं महत्त्वाचं का?

माझ्या मते या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं की निम्मी छाटणी आली. कात्री उचलण्याआधी आपलं झाड कुठल्या काडीवर फळ धरतं ते बघा. शेजाऱ्यानं पेरू गुडघ्याएवढा छाटून भरघोस माल घेतला म्हणून तसाच आंबा छाटला, तर पुढच्या मोसमात त्यावर मोहोर नसतो.

पेरू नव्या फुटीवर फळतो. नवी काडी निघाली की तिच्या खालच्या काही पानांच्या बगलेत कळ्या येतात. म्हणून पेरूला छाटणी म्हणजे फळाचं आमंत्रण. फांदीचा अर्धा भाग मे महिन्यात कापला की नवी फूट येते, पावसाळ्यात फुलं लागतात आणि थंडीत फळ हाती येतं. पावसाळी फळापेक्षा ते गोड असतं आणि त्यात फळमाशीही कमी. या पिकाचं पुण्याशी जुनं नातं आहे. लखनौ-49, म्हणजे आपण ज्याला सरदार म्हणतो तो वाण, नाव लखनौचं असलं तरी पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत निवडलेला आहे.

आंबा याच्या उलट. त्याला मोहोर येतो काडीच्या टोकाला, आणि काडी काही महिन्यांची, पक्की जून असावी लागते. जूनमध्ये, फळं उतरल्या उतरल्या हलकी छाटणी केली तर आलेली नवती थंडीपर्यंत जून होते. दिवाळीनंतर शेंडे मारले तर मोहोराची जागाच कापली जाते. दोन वर्षांच्या झाडाला मोहोराची चिंता नाही, पण हा हिशोब आत्तापासून हाताला लागलेला बरा.

डाळिंबाला फळ येतं ते पेन्सिलीएवढ्या जून काडीवर निघालेल्या आखूड फुटींवर. बारीक, लुळ्या काड्यांवर नर कळीच जास्त निघते. म्हणून डाळिंबात शेंडे वीतभर मारायचे, आतल्या बारीक काड्या काढायच्या, आणि जाड काडी सांभाळायची. सगळं झाड एका उंचीवर कातरलं तर पुढच्या बहाराची, म्हणजे फुलं-फळं धरण्याच्या हंगामाची, काडीच तुम्ही कापून टाकता.

अंजीर नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत. सीताफळ नव्या फुटीवरही येतं आणि जुन्या लाकडावरही, त्यामुळे त्यात चूक झाली तरी झाड सांभाळून घेतं.

सीताफळाच्या काडीवर डोळे दिसतच नाहीत. कापायचं कुठे?

डोळे असतात, पण पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेले. पान गळेपर्यंत डोळा उघडा पडत नाही आणि फुटतही नाही. म्हणून सीताफळ पानगळ झाल्यावर छाटायचं. तेव्हा डोळेही दिसतात आणि झाडाचा सांगाडाही. आमच्याकडे पाणी असणारे जानेवारीपासून मार्चपर्यंत छाटतात. पावसावर अवलंबून असणाऱ्यांनी मेअखेरीस, मृगाच्या तोंडावर छाटावं. पाण्याशिवाय आधी छाटून ठेवलं तर निघालेली फूट उन्हात करपते.

हिरव्या झाडाचा शेंडा मध्येच मारायची वेळ आली तर ज्या डोळ्यातून फूट हवी आहे, त्यावरची एक-दोन पानं देठासकट खुडा.

सीताफळाची नैसर्गिक वाढ झुडपासारखी असते. बुडातून चार-पाच खोडं निघतात. एकच खोड दोन फुटांपर्यंत मोकळं ठेवून वर फांद्या घेतल्या तर पुढे मशागत, फवारणी आणि हातपरागीकरण सगळंच सोपं जातं.

अंजिराची फांदी सरळ वर जाते, बाजूला फूटच येत नाही.

पुना जातीच्या अंजिराची ही जुनी खोड. उपाय खाचा पाडण्याचा. सात-आठ महिन्यांची काडी घ्या. जो डोळा फोडायचा त्याच्या बरोबर वर, धारदार चाकूनं सालीचा साधारण एक इंच लांब आणि सेंटिमीटरभर रुंद तुकडा काढा. शेंड्याकडून येणारा दाब तिथे अडतो आणि खालचा डोळा जागा होतो. हे काम आम्ही पावसाळ्यात करतो, तेव्हा साल सहज सुटते. एका काडीवर तीन-चारच खाचा पाडा आणि त्या वेगवेगळ्या बाजूंना पाडा.

मीठा बहार धरायचा तर छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि फळ उन्हाळ्यात. पण दोन वर्षांच्या झाडाला खाचा आणि शेंडे मारणं एवढंच पुरे. काम करताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. अंजिराचा चीक अंगाला लागला की खाज सुटते आणि उन्हात तीच जागा भाजल्यासारखी होते.

डाळिंब एका खोडावर वाढवू की तीन-चार?

आपल्याकडे तीन-चार. एका खोडाची बाग दिसायला सुरेख असते, हे मान्य. पण खोडकिडा, खोड पोखरणारा बारीक भुंगेरा आणि मर रोग यांचा इथला त्रास पाहता एकच खोड ठेवणं म्हणजे सगळा संसार एका खांबावर. चारांतलं एक गेलं तरी तीन राहतात. या तीन-चार खोडांशिवाय बुडातून येणारे फुटवे मात्र वर्षभर काढत राहावे लागतात, त्यात आळस करून चालत नाही.

पहिल्याच वर्षी मोहोर आला आहे. घरात सगळ्यांना फळ चाखायचं आहे. ठेवू का?

मन मोडतं, पण काढा. कलमाची काडी जुन्या, फळत्या झाडावरून आलेली असते. वयानं ती प्रौढ असते, म्हणून तिला लगेच मोहोर येतो. मुळं मात्र कालची आहेत. आंब्यात पहिली तीन वर्षं मोहोर खुडावा. मोहोर खुडताना काडी कापू नका, नुसता तुरा मोडा. डाळिंबात पहिला बहार दोन वर्षं पूर्ण झाल्यावर धरतात. पेरू जोरदार असतो, त्याला दुसऱ्या वर्षी थोडी फळं ठेवली तर चालतात.

माझ्या आईनं एका कलमावर नातवंडांसाठी दोन कैऱ्या राखल्या होत्या. मी अडवलं नाही. ते झाड शेजारच्यांपेक्षा एक नवती मागे राहिलं, पण पुढच्या वर्षी भरून निघालं. चार झाडांची परसबाग असेल तर एका झाडावर एखादं फळ ठेवण्यानं आभाळ कोसळत नाही. पाचशे झाडांच्या बागेत मात्र हा मोह नको.

झाड नुसतं वाढतंय, फांद्या आभाळाला लागल्या, फळाचा पत्ता नाही. अजून छाटू का?

नको. बहुतेक वेळा हे जास्त छाटल्यामुळेच झालेलं असतं, किंवा युरिया आणि पाणी जास्त झाल्यामुळे. जाड फांदी जोरात कापली की तिच्यातून सरळसोट, लांब पेरांचे पाणसोट निघतात. त्यांचे शेंडे मारले की एकाचे चार होतात. पाणसोट काढायचा तर बुडातून, आणि कोवळा असताना.

त्यापेक्षा फांद्या वाकवा. उभ्या फांदीचा शेंडा सगळ्यांवर राज्य करतो. तीच फांदी आडवी केली की तिच्या पाठीवरचे डोळे एकामागून एक फुटतात आणि वाढीचा जोर फळाकडे वळतो. पेरूमध्ये हा उपाय फार चांगला लागू पडतो. फांदीच्या टोकाची दहा-पंधरा पानं ठेवून मधली पानं काढतात, फांदी हळूच खाली आणून जमिनीतल्या खुंटीला सुतळीनं बांधतात. वाकवण्याआधी झाडाला पाणी द्या, म्हणजे काडी कडक राहून मोडत नाही.

काप नेमका कसा घ्यायचा?

काडीचा शेंडा मारताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा आणि त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर ठेवून तिरपा काप घ्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला हवा, म्हणजे पाणी डोळ्यावर थांबत नाही. अख्खी फांदी काढायची असेल तर खोडाशी ती जिथे जराशी फुगलेली असते, ते कडं सोडून कापा. जखम भरणारी साल त्याच कड्यातून वाढते. खोडाला घासून कापलं तर कडं जातं, आणि बोटभर खुंट ठेवला तर तो कुजून कूज खोडात उतरते.

मनगटाएवढी फांदी असेल तर तीन काप घ्या. आधी कड्यापासून वीतभर दूर, खालून थोडा. मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण. ओझं उतरलं की उरलेला खुंट कड्याशी. एकाच कापात फांदी तोडली तर ती पडता पडता खोडाची साल ओढून नेते.

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवा. बोथट सिकेटर काडी कापत नाही, चेचतो.

कापलेल्या जागेला काय लावायचं? शेण चालेल का?

शेण लावू नका, ओल धरून राहतं. बोर्डो पेस्ट लावा. 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं. लोखंडी भांडं वापरू नका. परसातल्या झाडांसाठी याच प्रमाणात 100-100 ग्रॅम आणि 1 लिटर पाणी पुरतं. पेस्ट त्याच दिवशी वापरून टाका. छोट्या काड्यांच्या कापांना ब्रश फिरवत बसायची गरज नाही. छाटणी संपल्यावर 1 टक्का बोर्डो मिश्रणाची एक फवारणी झाली की भागतं.

खोडाला उन्हाचा चटका बसणार असेल, विशेषतः मराठवाडा, खानदेश, विदर्भात, तर बुंध्याला चुना द्या. मोकळ्या केलेल्या झाडात दुपारचं ऊन थेट सालीवर पडतं, ती तडकते आणि तिथून खोडकिडा शिरतो. झाडाचं पोट उघडं करताना नैर्ऋत्येकडची बाजू जरा दाट ठेवली तर तेवढी सावली खोडाला मिळते.

शेजारच्या डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग आहे. छाटणी करू की नको?

करा, पण कोरड्या दिवसांत, आणि प्रत्येक झाडानंतर सिकेटर सोडियम हायपोक्लोराइटच्या 1 टक्का द्रावणात बुडवून. दोन सिकेटर ठेवा, एक बुडालेला आणि एक हातात, म्हणजे काम थांबत नाही. तेल्याचे जिवाणू जखमेतून आणि पाण्याच्या थेंबातून पसरतात. पावसात किंवा दवानं झाड ओलं असताना केलेली छाटणी म्हणजे आपणच रोगाची लावणी केल्यासारखं आहे. डाग असलेल्या काड्या बागेबाहेर नेऊन जाळा. निरोगी झाडांच्या काड्या जाळू नका, तुकडे करून बुडाशी आच्छादनाला घाला.

संत्रा, मोसंबी आणि चिकूलाही हेच सगळं करायचं का?

नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत एक खोड आणि चार-पाच फांद्या एवढं वळण दिलं की संत्र्या-मोसंबीत पुढे फक्त सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, आणि पाणसोट काढायचे. वाळलेली काडी थोड्या हिरव्या भागासकट कापा, कारण रोग वाळलेल्या भागाच्या जरा पुढे गेलेला असतो. चिकू स्वतःच छत्रीसारखा वाढतो. खिरणीची फूट आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या सोडून त्याला हात लावू नका.

छाटणीची टोळी झाडामागे पैसे घेते आणि भराभर कापत सुटते. काय करावं?

मोठ्या बागेत टोळीशिवाय गत्यंतर नाही. पण लहान झाडांच्या वळणाचं काम झाडामागे दरानं देऊ नका, रोजानं द्या. सकाळी पहिलं झाड स्वतः करून दाखवा आणि ते नमुना म्हणून मधोमध ठेवा. ज्या फांद्या ठेवायच्या त्यांना आदल्या दिवशी रंगीत सुतळी बांधून ठेवली तर अजून चांगलं. माझा अनुभव असा आहे की टोळीतली माणसं शिकायला तयार असतात. त्यांना कोणी कारण सांगत नाही, फक्त उरकायला सांगतात.

घरामागे चार वर्षांचा आंबा आहे, कधीच छाटला नाही. सरळ बांबूसारखा बारा फूट गेला आहे. उशीर झाला का?

झाला नाही. पण एकदम खाली आणू नका. यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला, उघडीप बघून, फक्त शेंडा सात-आठ फुटांवर आणा आणि खाली ज्या काही फांद्या आहेत त्या सगळ्या राखा. कापाला पेस्ट लावा. नव्या फुटीतल्या तीन ठेवा. पुढच्या वर्षी त्याच काळात मुख्य खोड एखाद्या चांगल्या बाजूच्या फांदीपर्यंत, त्या फांदीच्या जरा वर कापा. आता ती फांदी झाडाचं नेतृत्व घेते आणि झाड पसरायला लागतं. मधल्या उन्हाळ्यात बुंध्याला चुना, बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन आणि आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. छाटल्यावर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, येतो, म्हणून खोडाच्या बुडाशी भुसा पडलाय का ते बघत राहा. भुसा दिसला तर भोक शोधून तारेनं अळी काढा, आत औषधाचा बोळा घाला आणि भोक चिखलानं बंद करा.